मॉकला येत होते, मग कॅटला काय झालं?

मॅनेजमेंट प्रवेशासाठीची कॅट परीक्षा गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. मुंबईत वाढलेल्या उमेदवाराला या योगायोगाचं फारसं काही वाटत नाही. त्याला रस्ते पाठ असतात, लोकल नसली तर बस असते, नाहीतर चार मित्र मिळून टॅक्सी करतात. सुधागड तालुक्यातल्या पालीहून निघणाऱ्याला मात्र आदल्या आठवड्यापासून हिशेब मांडावा लागतो. वाकण फाट्यावर जाऊन मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल गाठायचं, की खोपोलीला जाऊन लोकल पकडायची? महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललेलं आहे, त्यामुळे त्या रस्त्यावर वेळेचा भरवसा धरायची सवय रायगडकरांनी केव्हाच सोडली आहे.

परीक्षा तीन सत्रांत होते: सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार. कोणतं सत्र मिळणार हे उमेदवाराच्या हातात नसतं. सकाळचं मिळालं तर सातच्या सुमाराला केंद्राच्या दारात रांगेत उभं राहावं लागतं. म्हणजे आदल्या रात्री कळंबोलीच्या आत्याकडे किंवा खारघरच्या मामाकडे मुक्काम आला. परकी उशी, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या गप्पा, पहाटेचा न रुचणारा चहा आणि ‘घाबरू नकोस हं’ असं दर दहा मिनिटांनी सांगणारी प्रेमळ माणसं, हे सगळं त्या मुक्कामासोबत येतं.

मग डिसेंबरअखेर निकाल लागतो आणि घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘मॉकला तर पंच्याण्णवच्या वर जात होते!’ वडील म्हणतात, घाबरला असेल. आजी म्हणते, बल्लाळेश्वराला नारळ ठेवायचा राहिला. क्लासमधले सर म्हणतात, या वर्षी पेपरच वेगळा होता. तिघांच्याही म्हणण्यात काही ना काही तथ्य असतं (आजीबद्दल वाद नको). पण गुणांच्या घसरणीचा मोठा वाटा परीक्षेच्या सकाळी तयार होत नाही. तो आधीचे चार-सहा महिने मॉकच्या आकड्यांमध्येच साठत आलेला असतो.

मॉकचं, म्हणजे सराव परीक्षांचं, हे जग मुंबईकरांना तसं नवं नाही. नागेश राणे यांनी १९७७ मध्ये मुंबईत आयएमएस ही संस्था सुरू केली, आणि मॅनेजमेंट प्रवेशाची तयारी हा स्वतंत्र उद्योग होऊ शकतो हे पुढच्या दोन दशकांत स्पष्ट झालं. हैदराबादची टाइम, दिल्लीची करिअर लाँचर अशा संस्था नंतर आल्या. आज सिमकॅट, एमकॅट ही त्यांच्या मॉकची नावं इच्छुकांच्या बोलण्यात चहाच्या ब्रँडइतक्या सहजतेने येतात. मुंबईत जमनालाल बजाज आहे, सिडनहॅमची मॅनेजमेंट संस्था आहे, पवईची नायटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. एवढं सगळं दोन-अडीच तासांवर असताना पालीवाला महाविद्यालयातून बी.कॉम. झालेल्या मुलाने किंवा मुलीने एमबीएचं स्वप्न पाहावं यात नवल काहीच नाही. फरक तयारीच्या जागेत आहे. तालुक्याच्या गावी ती मुख्यतः घरात, पडद्यासमोर, एकट्याने होते.

आकडा कसा फुगतो ते आधी गणितानेच पाहू, कारण मानसशास्त्रापेक्षा गणित कमी भांडतं.

समजा, एखाद्या मुलीची खरी तयारी कॅटच्या पेपरात ६० गुण मिळवण्याइतकी आहे. दर वेळी नेमके ६० पडणार नाहीत. कधी ओळखीचा उतारा येईल, कधी आकडेमोडीचा एखादा संच पहिल्याच फटक्यात सुटेल, कधी दोन अंदाज लागतील. गुण आठाएक गुणांनी वरखाली होत राहतील. अशा दहा मॉक तिने दिल्या तर त्यांतला सर्वोत्तम आकडा, निव्वळ संभाव्यतेच्या नियमाने, ७२ च्या आसपास असतो. वीस दिल्या तर ७५. तिची तयारी तसूभरही वाढलेली नसते. पण घरात, मैत्रिणींत आणि स्वतःच्या मनात ती जो आकडा धरून ठेवते तो बहुतेक वेळा हा ७२ असतो. परीक्षेत ६१ पडले की अकरा गुण ‘गेले’ अशी हळहळ सुरू होते. ते अकरा गुण तिचे कधी नव्हतेच.

फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीची मापं जमवून हीच गोष्ट दाखवली होती. फार उंच आईवडिलांची मुलं उंचच निघतात, पण सरासरीने थोडी कमी उंच. डॅनियल कानमन यांना इस्रायलच्या हवाईदलातल्या प्रशिक्षकांशी बोलताना तेच दिसलं. उत्तम उड्डाणानंतर शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, आणि खराब उड्डाणानंतर झापलं की सुधारतं, असं प्रशिक्षक ठामपणे सांगत. कानमन यांचं म्हणणं होतं की शाबासकी किंवा दम दिला नसता तरी तसंच झालं असतं. असाधारण कामगिरीनंतरची कामगिरी नेहमीच्या पातळीकडे वळतेच. कॅटच्या आदल्या आठवड्यात मॉकमध्ये आयुष्यातले सर्वोच्च गुण पडलेल्या मुलाला हे सांगणारं सहसा कोणी भेटत नाही. भेटलं तरी त्या आठवड्यात ऐकून कोण घेतो?

आणि कॅटमध्ये हे वरखाली होणं महागात पडतं. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नाच्या चुकीला एक गुण वजा. म्हणजे बरोबर आणि चूक यांत चार गुणांचं अंतर. अलीकडच्या वर्षांत नव्वद आणि पंच्याण्णव पर्सेंटाइल यांच्यात साधारण दहा-बारा गुणांचाच फरक राहिला आहे. तीन प्रश्न इकडचे तिकडे झाले की निकालपत्राचा चेहरा बदलतो.

आता घरातल्या मॉकची खोली पाहू. पालीत दुपारी लाइट जाते. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर चाललेली मॉक थांबवता येते, आणि ती थांबवली जाते. यात लबाडी नसते. पण आकडेमोड आणि तर्काचा अर्धवट सुटलेला संच डोक्यात घेऊन वीस मिनिटं ओसरीवर बसलेला मुलगा लाइट आल्यावर पुन्हा बसतो, तेव्हा त्या संचाची गाठ बऱ्यापैकी सुटलेली असते. पडद्यावरच्या घड्याळाच्या लेखी ही वीस मिनिटं घडलेलीच नसतात. प्रत्यक्ष परीक्षेत प्रत्येक विभागाला चाळीस मिनिटं, ठरलेला क्रम, आणि एका विभागातून दुसऱ्यात जायची मुभा नाही. त्यात माऊसने चालवायचा पडद्यावरचा कॅल्क्युलेटर. कीबोर्डला हात लावायचा नाही. आकडेही पडद्यावरच्याच कळांनी भरायचे. ज्याने बहुतांश मॉक मोबाइलवर अंगठ्याने दिल्या, त्याला हे सगळं संथ वाटतं, आणि चाळीस मिनिटांत दोन मिनिटांचा संथपणाही एक प्रश्न गिळतो.

मॉक पुन्हा देण्याची सवय हा आणखी एक फुगवटा. त्याचं स्वच्छ उदाहरण परदेशी बिझनेस स्कूलसाठीच्या जीमॅटमध्ये सापडतं. नोव्हेंबर २०२३ पासून ही परीक्षा नव्या रूपात घेतली जाते: सव्वादोन तास, ६४ प्रश्न, २०५ ते ८०५ अशी गुणांची पट्टी. परीक्षा घेणारी संस्था स्वतःच्या अधिकृत मॉक देते आणि त्या पुन्हा सोडवता येतात. पुन्हा सोडवताना आधी पाहिलेले प्रश्न समोर येऊ शकतात. उतारा आठवला नाही तरी ‘याचं उत्तर क नव्हतं’ एवढं आठवतं, आणि तेवढं पुरतं. जुन्या २०० ते ८०० च्या पट्टीवर हीच संस्था आपल्या मोजमापात ३० ते ४० गुणांची चूक संभवते असं मानत असे. ती चूक खऱ्या परीक्षेची होती. घरी, दुसऱ्यांदा, चहा पीत दिलेल्या मॉकची किती असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

इथवर गुणांची गोष्ट झाली. पर्सेंटाइलची गोष्ट त्याहून निसरडी आहे.

पर्सेंटाइल म्हणजे आपण किती टक्के लोकांच्या पुढे आहोत. पण कोणत्या लोकांच्या? २०२३ च्या कॅटला सव्वातीन लाखांहून अधिक उमेदवारांनी नावं नोंदवली आणि सुमारे २ लाख ८८ हजार प्रत्यक्ष बसले. मॉकला बसणारा समूह याहून लहान आणि वेगळा असतो, आणि तो दोन्ही बाजूंना फसवू शकतो. पैसे भरून वर्षभर तयारी करणाऱ्यांच्या मॉकमध्ये ८५ पर्सेंटाइल मिळवणारा खऱ्या परीक्षेत ९० च्या पुढेही जातो, कारण तिथे निम्मी तयारी करून आलेले हजारो जण असतात. उलट फुकट मॉकमध्ये नुसतं पाहायला आलेले, अर्ध्यात उठून गेलेले, मोबाइलवर बसथांब्यावर पेपर उघडलेले सगळे मोजले जातात. तिथले ९६ पुष्कळदा याच गर्दीतून आलेले असतात. पालीसारख्या ठिकाणी हौशी विद्यार्थी बहुधा फुकटच्या मॉकपासून सुरुवात करतो, आणि त्याची पहिली धारणा तिथेच पक्की होते.

राज्याची एमबीए-सीईटी ही कॅटपेक्षा वेगळ्या स्वभावाची परीक्षा. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. तर्कावर आधारित ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. प्रत्येकाला पाच पर्याय, आणि चुकीला वजाबाकी नाही. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला उरलेल्या प्रश्नांवर धडाधड टिचक्या मारणं हे शहाणपण आहे आणि सगळे ते करतात. चाळीस प्रश्न असे डोळे मिटून भरले तर सरासरीने आठ बरोबर येतात. पण कधी तीन येतात आणि कधी तेरा. तेरा आलेली मॉक विद्यार्थ्याच्या लक्षात राहते; तीन आलेल्या मॉकबद्दल तो म्हणतो की त्या दिवशी मूड नव्हता. आता बजाजचं गणित पाहा. तिथे खुल्या गटातून जायला ९९.९ च्या पुढचा पर्सेंटाइल लागतो, आणि त्या उंचीवर मोजक्या गुणांत शेकडो उमेदवार दाटीने उभे असतात. दहा गुणांचा तुक्का तिथे बजाज आणि बजाज-नाही यांच्यातलं सगळं अंतर कापतो.

त्यात सीईटी अनेक सत्रांत होते. सत्रागणिक पेपर वेगळा, काठिण्य थोडं कमीजास्त, म्हणून प्रत्येक सत्राचा पर्सेंटाइल त्या सत्रातल्या उमेदवारांपुरता काढतात आणि मग सगळ्यांची एक यादी होते. एका सत्रातले १२० आणि दुसऱ्या सत्रातले १२० यांचा पर्सेंटाइल सारखा नसतो. मॉकच्या तक्त्यात मात्र ‘१२० म्हणजे इतके’ असं एकच घर असतं, आणि विद्यार्थी ते घर पाठ करून जातो.

मार्च २०२३ मध्ये तर याच्याही पलीकडची गोष्ट घडली. २५ आणि २६ मार्चला सीईटी होती. पहिल्याच दिवशी पहिल्याच सत्रात तांत्रिक बिघाड झाला, पेपर उशिरा सुरू झाले, आणि काहींना दीडशे मिनिटांपेक्षा कमी तर काहींना जास्त वेळ मिळाल्याच्या तक्रारी आल्या. सीईटी कक्षाने बाधित उमेदवारांसाठी ६ मे रोजी पुन्हा परीक्षा घेतली. सहा आठवडे. या काळात कोणी तयारी वाढवली, कोणी नोकरीवर परत गेलं, कोणाची धार बोथट झाली. या मुलांच्या मॉकच्या आकड्यांशी त्यांच्या निकालाची तुलना कशी करायची? कॅटनेही असे दिवस पाहिले आहेत. २००३ चा पेपर फुटला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. २००९ मध्ये कॅट पहिल्यांदा संगणकावर आली तेव्हा पहिल्या काही दिवसांत अनेक केंद्रांवर यंत्रणा कोलमडली, आणि अडकलेल्यांसाठी पुढच्या जानेवारीत पुन्हा परीक्षा झाली.

अपघात सोडून दिले तरी पेपर बदलतोच, आणि ही गोष्ट मॉकला कधीच गाठता येत नाही. मॉक गेल्या वर्षीच्या पेपरावर बेतलेली असते. परीक्षा या वर्षीची असते. कागदावरच्या कॅटच्या शेवटच्या काळात प्रश्नांची संख्याच पाहा: २००३ मध्ये १५०, २००४ मध्ये १२३, २००५ मध्ये ९०, २००६ मध्ये ७५. दरवर्षी हजारो मुलं जुन्या वेगाचा सराव करून नव्या वेगाच्या पेपराला बसली. २०१५ मध्ये प्रत्येक विभागाला वेगळी वेळ आली. २०१७ चा तर्क आणि आकडेमोडीचा विभाग एवढा कठीण निघाला की त्याची आठवण इच्छुक अजून काढतात. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा दोन तासांची झाली आणि प्रश्न ७६ निघाले. मग तीन वर्षं ६६ प्रश्नांवर सगळं स्थिरावलं, क्लासांनी ६६ च्या मॉक छापल्या, आणि २०२४ मध्ये पडदा उघडला तर ६८. दोनच वाढले होते, पण ते वाढले तर्काच्या विभागात. संचांची संख्या आणि आकार बदलले. कोणता संच आधी घ्यायचा आणि कोणता सोडायचा याची जी सवय वर्षभर लावली होती, ती चाळीस मिनिटांत मोडून नवी लावायची होती.

घाबरण्याचं काय? वडिलांचं म्हणणं अगदीच फोल नाही. दडपणाखाली गणितासाठी लागणारी तात्पुरती स्मृती व्यापली जाते, हे शान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांत दाखवलं आहे. पण या क्षेत्रातले लोकप्रिय उपाय जरा जपून घ्यावेत. २०११ मध्ये बायलॉक आणि जेरार्डो रामिरेझ यांचा एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला: परीक्षेआधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर लिहून काढली तर गुण सुधारतात. पुढे इतर संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम हाती लागला नाही. १९७५ चा गॉडन आणि बॅडली यांचा प्रयोगही असाच. पाणबुड्यांनी पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, जमिनीवरचे जमिनीवर. ‘जिथे परीक्षा, तसाच अभ्यास’ या सल्ल्यामागे बहुतेकदा हाच दाखला असतो. २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तोही टिकला नाही. म्हणून ‘त्याच खोलीत अभ्यास केला असता तर’ असं मनाला लावून घेण्यात अर्थ नाही. ज्याचा पुरावा भक्कम आहे ती गोष्ट साधी आहे: वाचत बसण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतली की ज्ञान जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे दाखवलं आणि ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे मॉक द्याव्यातच. शिकण्यासाठी त्या उत्तम आहेत. भाकीत म्हणून त्यांचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, एवढाच मुद्दा आहे.

मग भाकीत हवंच असेल तर कोणता आकडा धरावा? सर्वोत्तम नाही, मधला. आणि मधला काढतानाही फक्त त्या मॉक मोजाव्यात ज्या पहिल्यांदाच दिल्या, न थांबवता दिल्या, आणि संगणकावर माऊसने दिल्या. बहुतेकांच्या वहीत ही चाळण लावली की पंधरापैकी पाच-सहाच उरतात, आणि त्यांचा मधला आकडा ऐकून घरात कोणाला पेढे वाटावेसे वाटत नाहीत. पण निकालाच्या जवळ जातो तो हाच. क्लासांच्या जाहिरातींत मात्र कोणाची तरी सर्वोच्च मॉकच झळकते. मधल्या आकड्यावर फोटो छापायची पद्धत अजून पडलेली नाही.

पालीतल्या उमेदवाराला आणखी एक गोष्ट करता येते, आणि तिला पैसे लागत नाहीत. कॅटचं प्रवेशपत्र साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतं. सत्र कोणतं ते त्याच दिवशी कळतं, आणि परीक्षेपर्यंत साधारण दोन-तीन रविवार उरतात. सकाळचं सत्र आलं असेल तर या रविवारांना पहाटे उठून, न्याहारी करून, ठीक साडेआठला मॉक सुरू करायची, आणि ती घरात नाही. गावातली एखादी संगणक संस्था रविवारी उघडून देत असेल तर तिथे, नाहीतर मित्राच्या दुकानात, शेजारी कोणीतरी बोलत असताना. संध्याकाळचं साडेचार आलं असेल तर जेवणानंतरच्या सुस्तीत. आणि त्यांतला एक रविवार शक्यतो खारघरच्या मामाकडे काढायचा: आदल्या रात्री जाऊन, त्याच परक्या उशीवर झोपून, सकाळी केंद्रापर्यंतचा रस्ता एकदा चालून, मग तिथेच मॉक द्यायची. गुण कमी पडतील. मामी विचारेलच किती पडले म्हणून, आणि तो कमी आकडा तिला न लाजता सांगावा.